'ग्लुटेन फ्री' लोशनच्या नावाखाली माझे १०,१२८ रुपये गेले, तुम्ही तरी बाटली उलटी करून बघा

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिच्या आतड्याला इजा होते. सहा वर्षांची आहे. दोन वर्षं झाली, तिचा तवा वेगळा, परात वेगळी, मसाल्याचं पाकीटसुद्धा मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घरात येत नाही. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना सांगायला नको. हे आधीच सांगतेय कारण जाहिरात बघून भुलणारी बाई मी नाही, तरी फसले.

कुणी म्हणेल लोशन काय पोटात जातं का. डॉक्टरांनीपण हेच सांगितलेलं, ग्लुटेन कातडीतून आत जात नाही. पण ओठाला लावलेलं चाटलं जातंच, आणि माझी पोरगी अजून झोपताना अंगठा तोंडात घालते. थंडीत तिचे हात असे फुटतात की रक्त येतं, मग लोशन न लावून कसं चालेल? म्हणून शोधत होते.

सिलिअ‍ॅक मुलांच्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बाई होती. माझ्याही मुलाला हेच आहे, मी घरीच त्याच्यासाठी बनवायला लागले, असं सांगायची. ताई ताई करून लांबलचक व्हॉइस मेसेज. आधी लिप बाम घेतला ३४९ रुपयांचा, दोन दिवसांत आला, चांगला होता. मग लोशन, शाम्पू, साबणाचा कॉम्बो २,१९९. मग म्हणाली ताई वर्षाचं एकदम घेतलंत तर रेट वाढला तरी तुम्हाला लागणार नाही, ७,४०० आणि कुरिअरचे १८०. सगळं युपीआयने. बिल मागितलं तर 'ताई घरगुती आहे ना' म्हणाली. बिल नाही म्हणजे घ्यायचंच नाही, हे आता कळतंय.

आणि आता ते सांगते ज्यानं मला रात्री झोप लागत नाही. बाटली हातात आली तेव्हा मी नेहमीच्या सवयीने लेबल वाचलं. त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर होता. तो बघून मला बरं वाटलं! अहो, एफएसएसएआय खाण्याच्या वस्तूंचं बघतं. ग्लुटेन फ्रीची किलोमागे २० मिलिग्रॅमची जी मर्यादा आहे ती खाण्याच्या पदार्थांसाठी आहे, लोशन कॉस्मेटिकमध्ये येतं, त्याचा कायदाच वेगळा, त्यावर मॅन्युफॅक्चरिंग लायसन्सचा नंबर लागतो, 'एम.एल.' वगैरे छापलेलं असतं बघा. तो नव्हता. बॅच नंबरपण नव्हता. दिवसातून दहा पाकिटांवर मी तो चौदा आकडी नंबर शोधते, त्यामुळे दिसला की डोळे आपोआप समाधानी होतात, आणि त्या बाईला हे पक्कं माहीत होतं. तिथेच थांबायला हवं होतं मी. लोशनच्या बाटलीवर पिठाच्या पाकिटाचा नंबर कशाला, एवढा एकच प्रश्न पडायला हवा होता.

उघडकीला कसं आलं, तर एका रविवारी मुलीला न्हाऊ घातलं, माझे हात ओले, बाटली निसटायला लागली म्हणून घट्ट धरली तर मागचं लेबल अंगठ्याखाली सरकलं. कोपरा नखाने उचलला तर खाली दुसरं लेबल, मूळ कंपनीचं, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं, हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन. गहू! मी पाच आठवडे रोज रात्री स्वतःच्या हाताने तिच्या हातांना ते चोळत होते.

तिचं पोट त्या महिन्यात दोनदा बिघडलेलं. त्यानेच बिघडलं असं ठाम सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, पण मला कोण पटवणार?

फोन केला तर ब्लॉक. मग सुरू झाली वरात. पोलीस स्टेशनला गेले तर 'मॅडम माल तर मिळाला ना, मग फसवणूक कसली?' मी लेबल सोलून दाखवलं, ते बघायला कुणी खुर्चीतून उठलं नाही. एका सरकारी ऑफिसात म्हणाले हे खाण्यात येत नाही, वरच्या मजल्यावर जा. वरच्या मजल्यावर म्हणाले बिल आणा. बिल नाही, युपीआयचा स्क्रीनशॉट आहे म्हटलं तर म्हणे त्यात लोशन कुठे लिहिलंय! बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत. तीन अर्ध्या सुट्ट्या गेल्या, रिक्षाचेच ६४० रुपये झाले, आणि शेवटी एका साहेबांनी सांगितलं, 'साधं खोबरेल लावा ना पोरीला.' लावतेच आहे आता, पण मी तक्रार द्यायला आले होते की सल्ला घ्यायला?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, तुम्हीही पार्सल उघडताना व्हिडिओ करा, पुढे तोच कामाला येतो. लेबलवर ट्रिटिकम म्हणजे गहू, होर्डियम म्हणजे जव, सिकेल म्हणजे राय, हे पाठ करा, कारण साध्या शब्दांत कुणी लिहीत नाही. अव्हेना म्हणजे ओट्स, त्यात गव्हाची भेसळ असू शकते. लेबलचा कोपरा नखाने उचलून बघा, लाज वाटू देऊ नका.

आणि एक. लिप बाम आवडला तेव्हा मी तिला मेसेज केला होता, 'ताई खूप छान आहे, माझ्या मुलीला सूट झाला, बिनधास्त घ्या.' परवा दुसऱ्या ग्रुपमधल्या एका आईने मला तोच मेसेज पाठवून विचारलं की घेऊ का. ती बाई अजून तो सगळीकडे फिरवतेय. तुमच्याकडे आला तर तो माझा आहे, आणि त्यावर विसंबून एक रुपयाही पाठवू नका.