ड्राय कॅबिनेट : कोकणातल्या दोन पावसाळ्यांनंतर

रत्नागिरीच्या पावसाळ्यात डब्यातले पापड सादळतात, चामड्याच्या चपलांवर बुरशी येते आणि कापडी बॅगेत ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सचीही तीच गत होते. माझ्या जुन्या ५० मिलिमीटरच्या लेन्समधून टॉर्चचा झोत आरपार टाकला, तेव्हा आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले दिसले. अशा बुरशीतून स्रवणारी आम्ले काचेवरचा लेप कायमचा खातात, म्हणून बाकीच्या लेन्स वाचवण्यासाठी मी ३० लिटरचे, विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारे छोटे कपाट, घेतले.

नेमून दिलेले काम ते चोख करते. बुरशीला साधारण ६० टक्क्यांच्या वरची आर्द्रता मानवते, तर हवा फार कोरडी झाली तर रबर आणि वंगण सुकण्याची भीती असते. त्यामुळे मी काटा ४५ टक्क्यांवर ठेवतो. आतली पेल्टिअर पट्टी (वीज दिली की एका बाजूने गार पडणारी) थंड होते, हवेतले बाष्प तिच्यावर जमते आणि ते पाणी बाहेर टाकले जाते. वीज गेली तरी दार बंद असेपर्यंत आतली हवा बराच वेळ कोरडी राहते.

तक्रारी दोन आहेत. आतच ठेवलेल्या वेगळ्या आर्द्रतामापकापेक्षा कॅबिनेटचा आकडा सातत्याने ६ टक्क्यांनी कमी दिसतो, आणि दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात सैल आहे: तिथे कागदाची पट्टी अडकवून दार लावले, तरी ती सहज ओढून काढता येते. घेताना चारही कोपऱ्यांत ही परीक्षा जरूर करावी.

बाहेर पडल्यावर कॅमेऱ्यावर धरणाऱ्या दवावर मात्र या कॅबिनेटचा काहीही उपयोग नाही. गणपतीपुळ्याला वातानुकूलित खोलीतून थेट किनाऱ्यावर गेलो आणि गार पडलेल्या कॅमेऱ्यावर क्षणात धुके धरले. पुसले की पुन्हा धरत होते. अशा वेळी लेन्स बदलली तर ओल थेट आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत पोहोचते. आता मी खोलीतच कॅमेरा झिपच्या हवाबंद पिशवीत घालतो आणि बाहेर अर्ध्या-पाऊण तासाने, तो हाताला गार लागेनासा झाला की मगच पिशवी उघडतो.

एकच कॅमेरा आणि एकच लेन्स असेल, तर स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणारे सिलिका जेल पुरेसे आहे; निळे दाणे गुलाबी झाले की ते बदलण्याची शिस्त तेवढी हवी.