एचएमटी जनता आज घ्यावं का? घ्या, पण आधी डायल बघा

चावीचं पहिलं घड्याळ कोणतं घ्यावं, असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर ठरलेलं आहे: एचएमटी जनता. ते स्वस्त मिळतं हे खरं, पण मुख्य कारण वेगळं आहे. जनता दुरुस्त होतं, त्याचे सुटे भाग मिळतात आणि पुढे मन बदललं तर ते दुसऱ्याला देऊन त्या बदल्यात वेगळं काही घेता येतं. अट एकच, डायल मूळची हवी. मशीन बंद असलं तरी चालेल, पण डायल रंगवलेली असेल तर घड्याळ गुपचूप परत ठेवा.

हिंदुस्तान मशीन टूल्सने, म्हणजेच एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरात घड्याळांचा कारखाना काढला. जनता त्या सुरुवातीच्या मॉडेलांपैकी. लग्नात जावयाला, मॅट्रिक झालेल्या पोराला, निवृत्त होणाऱ्या मास्तरांना हेच दिलं जायचं, म्हणून महाराष्ट्रात आजही जुनी कपाटं उघडली की एखादं निघतंच. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि त्यानंतर जुन्या नगांना मागणी वाढली. मागणी वाढली तशी बनवाबनवीही वाढली.

आधी घड्याळाचं बोलू. केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीची, रुंदी चावी सोडून साधारण ३५ मिलिमीटर, पट्ट्याची जागा १८ मिलिमीटर. आजच्या मोठ्या घड्याळांची सवय असलेल्याला पहिले दोन दिवस ते लहान वाटेल. शर्टाच्या बाहीखाली मात्र इतकं नीट बसणारं घड्याळ आज शोधावं लागतं. आत ०२३१ हे मशीन आहे: १७ ज्वेल (आस ज्यांत फिरतात ते कठीण खडे), चावीचं, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. पायलट आणि कोहिनूर या मॉडेलांतही हेच मशीन असल्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला लागतो. बॅलन्स म्हणजे मागे-पुढे झुलत वेळ राखणारं चाक. त्याच्या आसाची टोकं केसाइतकी बारीक असतात. त्यांना धक्का बसू नये म्हणून ज्वेल स्प्रिंगवर बसवलेला असतो, त्यालाच पॅराशॉक म्हणतात. हातातून गादीवर पडलं तर काही होत नाही. फरशीवर पडलं तर आस तुटू शकतो, पॅराशॉक असला तरी.

आता डायल. मुंबईतला चोरबाजार असो, पुण्याच्या मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार असो, की घरबसल्या फोनवरून केलेली खरेदी असो, समोर येणाऱ्या चकचकीत नगांत रंगवलेल्या डायलींचा भरणा असतो. संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुनी डायल खरवडायची, तिच्यावर नवा रंग द्यायचा, वर नवी छपाई करायची. गडद निळी, शेंदरी, हिरवी, दोन रंगांत विभागलेली डायल दिसली की सावध व्हा. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेल्या डायलला गिऱ्हाईक पटकन मिळतं, म्हणून तिथे नकला जास्त.

दहापट भिंग घ्या आणि घड्याळ उजेडात तिरकं धरा. मूळ छपाईत अक्षराची कड धारदार असते आणि शाई किंचित उठावदार दिसते. रंगवलेल्या डायलवर अक्षरं फुगलेली दिसतात. शिरोरेषा कुठे जाड, कुठे बारीक होते. डायलवरच्या ‘१७ ज्वेल’मधल्या १७ च्या आकड्यात सात एकाच्या अंगावर झुकलेला असतो. मग मिनिटांच्या रेघा बघा. तासाची धातूची कांडी बसवलेली असेल तर मिनिटाची रेघ बरोबर तिच्या मध्यावर यायला हवी. रंगवलेल्या डायलमध्ये बाराला जुळवलेलं असतं, पण चार किंवा आठपर्यंत येता येता रेघ सरकते. काट्यांच्या मधल्या भोकाची कडही पाहा, तिथे रंगाची वळकटी जमलेली असते. सेकंदकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचत नसेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा. डायलच्या मागे दोन पाय असतात. ते तुटल्यावर काही जण डायल सरळ चिकटवतात. घड्याळ हलक्या हाताने हलवल्यावर डायल सरकताना दिसली तर हाच प्रकार आहे.

पिवळसर पडलेली, कडेला दमटपणाचे ठिपके आलेली मूळ डायल घ्यायला काहीच हरकत नाही. कोकणात आणि मुंबईत चार-पाच पावसाळे काढलेल्या घड्याळावर ते येणारच. डायल पुसायला जाऊ नका, ओल्या कापसाबरोबर छपाईही निघून येते.

डायल पटली की चावी द्या. हळू, एका दिशेने. प्रत्येक फेऱ्याला बारीक कट-कट ऐकू यायला हवी आणि शेवटी चावी ठामपणे अडायला हवी. तिथे थांबा, जोर लावू नका. कितीही फिरवली तरी अडतच नसेल तर कमान (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) तुटलेली आहे किंवा आतल्या हुकातून सुटलेली आहे. बोट काढताच चावी उलटी फिरत असेल तर क्लिक (चावी उलटी फिरू न देणारी खिटी) किंवा तिची बारीक स्प्रिंग गेली. दोन्ही कामं होण्यासारखी आहेत, पण त्यांचे पैसे भावात कमी व्हायला हवेत. तीन-चार फेऱ्यांत घड्याळ आपणहून चालू झालं पाहिजे. झटका दिल्यावरच चालत असेल तर तेल सुकलंय. ‘चालतंय की’ म्हणत दुकानदार ते मनगटावर हलवून दाखवेल, त्यावर विसंबू नका.

मग चावी ओढून काटे दोन्ही दिशांना पूर्ण फिरवा. ते एकमेकांना किंवा काचेला घासता कामा नयेत. काटे अगदी लोण्यासारखे फिरत असतील तर खूश होऊ नका. मिनिटकाटा ज्या नळीवर बसतो ती कॅनन पिनियन सैल झाली की असं होतं. मशीन चालू राहतं, सेकंदकाटाही धावतो, पण वेळ मागे पडत जाते. घड्याळ स्लो आहे समजून लोक रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करायची दांडी) ढकलत बसतात आणि दुखणं तसंच राहतं. ओढलेली चावी हातातच आली तर घाबरू नका. बहुतेक वेळा आत चावीचा दांडा धरून ठेवणाऱ्या सेटिंग लिव्हरचा स्क्रू सैल झालेला असतो.

मागचं झाकण दाबून बसणारं असेल तर खाच शोधून केस-नाइफने उघडता येतं. आत बघायच्या गोष्टी थोड्याच: चावीच्या दांड्याजवळ गंज, स्क्रूंच्या चघळलेल्या खाचा आणि पुलांचा, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा, रंग. एक पूल चकचकीत आणि दुसरा काळपट असेल तर दोन-तीन मशीनं मिळून एक केलेलं आहे. असा जुळवलेला नग चालायला वाईट असतोच असं नाही, पण मूळ म्हणून त्याचे पैसे देऊ नका. बऱ्याच जनतांची केस पितळेची, वर क्रोम चढवलेली. पट्ट्याच्या कानांखाली आणि मागच्या कडेला घामाने क्रोम उडून खड्डे पडतात. पॉलिश करून हे जात नाही, उलट कडा गोल होतात आणि केसची मूळ ठेवण कायमची जाते.

फोनवरच्या टायमिंग अ‍ॅपने ठोके मोजता येतात. पूर्ण चावी द्या, १८,००० निवडा आणि डायल वर, डायल खाली व चावी खाली अशा तीन स्थितींत मोजा. सर्व्हिसिंग झालेल्या जनताने दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत मागे-पुढे व्हावं. तासाला काही मिनिटं पुढे जात असेल तर बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेत, लोहचुंबकाने किंवा तेलाने. साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या. सुई बॅलन्सच्या तालावर थरथरली तर चुंबकाचा दोष आहे आणि डीमॅग्नेटायझरवर तो मिनिटभरात निघतो. झोपवून वेळ बरोबर आणि उभं धरल्यावर मोठा फरक येत असेल तर आसाची टोकं झिजलेली असण्याची शक्यता जास्त. ते महागातलं काम.

सर्व्हिसिंगला देताना घड्याळजींना एकच प्रश्न विचारा: ‘काका, पूर्ण खोलणार ना?’ अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवायचं, वाळवायचं आणि वरून तेलाचे थेंब टाकायचे, ही पद्धत अजून चालते. त्यात ज्वेलच्या खोबणीतला जुना चिकटा तसाच राहतो, नवं तेल त्यात मिसळतं आणि काही महिन्यांत घड्याळ पुन्हा अडतं. नीट कामात आधी कमानीचा ताण सोडतात, प्रत्येक चाक सुटं करून धुतात, ज्वेल टोकदार लाकडी काडीने साफ करतात. मग बारीक आसांना पातळ तेल, कमान आणि चावीकडच्या भागांना घट्ट तेल किंवा ग्रीस. पॅलेटच्या (बॅलन्सला ठोका देणाऱ्या तरफेच्या) दगडांना अगदी टोकावर, आणि पॅलेटच्या आसांना मुळीच नाही. तेल जास्त झालं तर ते पसरून स्प्रिंगवर जातं. असं काम करणारा माणूस गावात असेल तर त्याला दोन पैसे जास्त द्या, त्याच्यामुळेच ही घड्याळं जिवंत आहेत. नियमित वापरात चार-पाच वर्षांनी हे काम पुन्हा करावं.

काच अ‍ॅक्रिलिकची असते, चरे लगेच पडतात. पण ते अ‍ॅक्रिलिकच्या पॉलिश पेस्टने, मऊ कापडावर घेऊन चार-पाच मिनिटं घासलं की जातात. नखाला लागणारा खोल चरा असेल तर काच बदला, खर्च किरकोळ. पाण्याबाबत मात्र जनताकडून काही अपेक्षा ठेवू नका. मुंबईच्या पावसात ते घरीच ठेवा. काचेखाली धुकं दिसलं तर त्याच दिवशी झाकण उघडून घ्या, गंज चावीच्या दांड्यापासून सुरू होतो.

भावाचा हिशेब सर्व्हिसिंग धरून करा. समजा एक नग १,२०० ला मिळतोय आणि कामाला ८०० लागणार आहेत, तर तो २,००० चा झाला. काम झाल्याची खात्री असलेला नग १,८०० ला मिळत असेल तर तोच स्वस्त. अदलाबदल करतानाही हेच. समोरच्याला पाच फोटो द्या: डायल समोरून, डायल तिरकी, केसची बाजू, झाकण आतून आणि मशीन. डायल रंगवलेली असेल, काटे बदललेले असतील तर विचारायच्या आधी सांगा. हे वर्तुळ लहान आहे आणि एकदा लपवलेली गोष्ट दुसऱ्या सौद्याच्या वेळी समोर येतेच. विकण्याआधी केस चमकवू नका. जाणकार माणूस चरे असलेली, धारदार कडांची केसच निवडतो.

‘मुंबई स्पेशल’ कधीच घेऊ नये असं मात्र नाही. डायल रंगवलेली, पण मशीन बिनगंजाचं आणि बॅलन्स मोकळा झुलणारा असेल तर तो नग सुट्या भागांसाठी उत्तम. आस तुटला, क्लिकची स्प्रिंग उडाली, कमान गेली, की हाच नग कामाला येतो. तो पूर्ण उतरलेल्या चावीने, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवा, आणि पावसाळ्याआधी पुडी बदला.