प्यायल्यावर गाडी चालवायची, गाडीतच झोपायचं की किल्ली देऊन मोकळं व्हायचं?

लग्न खेड्यात, गाडी आपली, घर चाळीस किलोमीटरवर आणि दोन-चार पेग पोटात गेलेले. शेवटची एसटी केव्हाच गेली. वणी-पांढरकवड्याकडच्या गावात रात्री अकराला मोबाइलवरून टॅक्सी येत नाही. मग बहुतेक जण म्हणतात, दोन तास गाडीतच पडतो. चालवण्यापेक्षा हे कधीही बरं. पण गाडीत झोपण्याचेही प्रकार आहेत, आणि त्यांत कायद्याच्या दृष्टीनं बराच फरक पडतो.

चालवत निघण्याचा विषय आधी संपवू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढच्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. लायसन्स जाऊ शकतं, अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा विमा अडतो. ‘मी कमी प्यालोय, दे किल्ली’ म्हणणाऱ्या मित्राला किल्ली दिली, तर कलम १८८ खाली तुम्हीही चिथावणीचे आरोपी होऊ शकता, आणि शिक्षा तीच.

आता झोपण्याचं. कलम १८५ चे शब्द ‘गाडी चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना’ असे आहेत. बंद गाडीत नुसतं झोपणं त्यात बसत नाही. इंटरनेटवर वाचून घाबरणारे लोक बहुधा परदेशातला कायदा वाचत असतात. ब्रिटनमध्ये नशेत गाडी ‘ताब्यात असणं’ हाच वेगळा गुन्हा आहे, आणि गाडी चालवण्याची शक्यताच नव्हती हे आरोपीला दाखवावं लागतं. आपल्याकडे तसं कलम नाही.

म्हणून हायवेच्या कडेला झोपलात तर निर्धास्त आहात, असं मात्र समजू नका. ड्रायव्हरच्या सीटवर, एसीसाठी इंजिन चालू, किल्ली लावलेली, अशा अवस्थेत पोलिसांनी काच ठोकली, तर ‘चालवण्याचा प्रयत्न’ हा आरोप तयारच आहे. शिवाय गाडी तिथवर आणली कोणी, हा प्रश्न उरतो. तापलेलं बॉनेट, टोलनाक्याची फास्टॅगची नोंद, ढाब्याचं बिल, हे सगळं तुमच्या विरोधात बोलतं. रस्ता अडेल किंवा धोका होईल अशी गाडी लावली तर त्याची कारवाई वेगळी. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ४४ नंबरच्या हायवेवर रात्री कडेला उभ्या गाडीवर मागून ट्रक चढतो, ही भीती खरी आहे. बंद काचा आणि चालू इंजिन असलं, तर सायलेन्सरचा विषारी धूर आत साचून झोपेतच जीव जाऊ शकतो.

त्यापेक्षा यजमानाच्या अंगणात गाडी लावून, इंजिन बंद करून, मागच्या सीटवर झोपणं पुष्कळ बरं. किल्ली खिशात नको, यजमानाकडे द्या. तुमचा चालवण्याचा इरादा नव्हता, हे सांगणारा साक्षीदार आपोआप उभा राहतो. ढाब्याचं पटांगण याहून कच्चं, कारण तिथं लोकांची ये-जा असते. माझं विचाराल तर किल्ली देऊन ओसरीवर खाट मागा. मे महिन्यात तर विदर्भात रात्रीसुद्धा बंद गाडीत माणूस उकडून निघतो. खाट मागण्यात कमीपणा वाटतो, हीच खरी अडचण आहे, आणि ती एका रात्रीपुरती बाजूला ठेवता येते.

जिल्ह्याची हद्दही बघा. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपुरातली २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. पांढरकवड्याकडून हिंगणघाटला जाताना यवतमाळ जिल्हा संपून वर्धा लागतो, आणि तिथं डिक्कीत उरलेली अर्धी बाटली सापडली, की गाडी चालू होती की बंद हा मुद्दा मागे पडतो. दारूबंदी कायद्याखाली केस होते आणि गाडी जप्त होऊ शकते.

सकाळची घाईही नडते. शरीर १०० मिली रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगानं अल्कोहोल उतरवतं. मध्यरात्री १२० वर असलेला माणूस सकाळी सहाला जेमतेम ३० वर येतो. चहा, लिंबू, आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. पाचला उठून शेतावर निघालात तर ‘रात्री झोपलो होतो’ हे उत्तर मशीनपुढे चालत नाही.

पोलीस आलेच तर गाडी सुरू करू नका, वाद घालू नका. किल्ली कोणाकडे आहे ते सांगा आणि त्या माणसाला बोलावून घ्या. तपासणीला नकार दिला तर तो नकार कोर्टात तुमच्या विरोधात वापरता येतो. कलम १८५ खाली अटक केलीच, तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. ती झाली नाही तर कलम २०२ प्रमाणे सोडावं लागतं. म्हणून अटकेची वेळ सोबतच्या माणसाला लिहून ठेवायला सांगा.