घुमणं वेगळं, शिट्टी वेगळी: पोकळ गिटारचे 9 महिने

परवा सिन्नरजवळ एका हळदीच्या कार्यक्रमात माझी पोकळ इलेक्ट्रिक गिटार सलग दोन तास वाजली आणि एकदाही ओरडली नाही, म्हणजे ॲम्पचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारा फीडबॅक झाला नाही. म्हणून आज लिहायला बसलो. हेच डिसेंबरमध्ये लिहिलं असतं तर "घेऊ नका" एवढंच लिहून मोकळा झालो असतो.

दोन हंबकर (तारांचा कंप ॲम्पला पाठवणारे दुहेरी गुंडाळीचे पिकअप), दोन एफ-होल (वरच्या लाकडातली f आकाराची भोकं), पावणेतीन इंच खोल अंग, आत ठोकळा नाही, म्हणजे पूर्ण पोकळ. 46,000 रुपये मोजले, दोन वर्षं बाजूला टाकून टाकून. कंपनीचं नाव देत नाही, कारण दुकानाशी वाद अजून चालू आहे. पोकळच हवी होती, कारण रात्री घरचे झोपल्यावर ॲम्पशिवाय वाजवता यावी, आणि जुन्या गाण्यांच्या कॉर्डना तो लाकडाचा गोलावा यावा. या दोन्ही गोष्टी तिने पहिल्या दिवसापासून दिल्या. 12 च्या जाडीच्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा, नेक पिकअप (मानेकडचा), टोन अर्ध्यावर: हा आवाज मला दुसऱ्या कुठल्याही गिटारवर मिळालेला नाही. मान सरळ, फ्रेट साफ, सूर टिकतो. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार एकाच सुराची. ए. जाड तारेचा पाचवा फ्रेट दाबा नाहीतर पाचवी तार मोकळी छेडा, 110 हर्ट्झ. घरी काही कळत नाही. स्टेजवर ॲम्प अर्ध्याच्या वर गेला की हा एक सूर फुगायला लागतो, बोट उचललं तरी थांबत नाही. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमाला फळ्यांचं स्टेज होतं, आतून पोकळ, आणि ॲम्प माझ्या पाठीशी त्याच फळ्यांवर. गायिकेने एका गाण्यात तीनदा मागे वळून पाहिलं. त्या रात्री मी जेवलो नाही.

दुकानात नेली. "हॉलो आहे दादा, ओरडणारच." मग उपाय सांगितला: पाठ उघडून आत लाकडी ठोकळा बसवू, 12,000 रुपये. वॉरंटीचं विचारलं तर हा दोषच नाही म्हणे. पैसे मागितल्याचा राग नाही. एकदाही माझ्यासमोर ॲम्पला लावून ऐकली नाही, याचा राग आहे आणि तो जात नाही.

ठोकळ्यात खोटं काही नाही. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने 1940 च्या सुमारास 4 बाय 4 इंचाच्या ओंडक्याला पोकळ गिटारचे दोन कडेचे भाग जोडून हेच केलं होतं, आणि 1958 च्या गिब्सन ईएस-335 मध्ये मधोमध मेपलचा ठोकळा आहे तो याचसाठी. पण 1959 ची ईएस-330 बाहेरून जवळपास तशीच दिसते आणि आतून रिकामी आहे. दोन्ही वाजवलेला माणूस त्यांना एक म्हणणार नाही. मोठ्या आवाजात वाजवायचं असेल तर आधीपासून ठोकळ्याचीच घ्या. माझी पाठ फोडून आत लाकूड भरणं म्हणजे ज्यासाठी 46,000 दिले तेच बुजवणं.

भोकं बुजवायची कल्पना जुनीच. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगही एफ-होलमध्ये कापड कोंबायचे, आणि 1980 ची गिब्सनने त्यांच्या नावाने काढलेली ल्युसिल गिटार तर एफ-होलशिवायच निघाली. कारण समजायला माठ पुरे. माठाच्या तोंडाशी गुणगुणत सूर वरखाली केला की एका ठरावीक सुराला माठ स्वतः बोलायला लागतो. गिटारच्या पोटातल्या हवेचंही तसंच. ॲम्पमधून तो सूर आला की पोट हलतं, तारा हलतात, पिकअप तो पुन्हा ॲम्पला देतो, आणि चक्र फिरत राहतं.

गादीवाल्याकडून 30 रुपयांचा फोम आणला. एफ-होलच्या आकाराहून किंचित मोठे तुकडे कापले, प्रत्येकाला काळा दोरा बांधला. दोरा विसरू नका, तुकडा आत पडला की काढता काढता जीव जातो. दोन्ही भोकं बंद केली आणि ए गप्प. 12,000 विरुद्ध 30! महिनाभर मी भेटेल त्याला हेच सांगत होतो.

मग मत बदललं. रात्री ॲम्पशिवाय वाजवताना गिटार मुकी वाटायला लागली, आणि स्टेजवरही कॉर्डमधली हवा गेली. आता एकच भोक बंद ठेवतो, बारीक तारांच्या बाजूचं. तोंड लहान झालं की माठाचा सूर उतरतो, तसं घुमणं ए वरून एफ शार्पच्या आसपास सरकलं आणि अशक्तही झालं. तो सूर आमच्या गाण्यांत क्वचित लागतो. घरी आलो की तो तुकडाही काढतो.

इथवर सगळं ठीक होतं. डिसेंबरमध्ये दोन गाण्यांसाठी ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावला आणि ब्रिज पिकअपवर (तारा जिथे टेकतात त्या घोडीजवळच्या) शिट्टी सुरू झाली. बारीक, कान फाडणारी. मी पुन्हा फोमच कोंबत बसलो, ॲम्पचा बास कापत बसलो. 3,200 रुपयांचा नॉइज गेट (आवाज मंद झाला की तो पूर्ण बंद करणारं यंत्र) घेतला. गेट फक्त तुम्ही थांबल्यावर बंद होतो. वाजवत असताना उघडाच, आणि शिट्टी त्यातून आरामात जाते. 2,400 ला विकला. ते 800 रुपये मला अजून टोचतात. कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा इफेक्ट) होता तोही काढून टाकला, कारण तो विझत आलेला आवाज वर उचलतो आणि फीडबॅकला आयता आधार देतो.

शेवटी एकदा सगळ्या तारा तळहाताने घट्ट दाबल्या. शिट्टी चालूच. म्हणजे तारांचा, पोटातल्या हवेचा संबंधच नव्हता. पिकअपवर पेनने टकटक केलं, ॲम्पमधून टकटक मोठ्याने आली. तोंड जवळ नेऊन बोललो, माझा आवाज आला. पिकअप माइक झाला होता.

सातपूर एमआयडीसीत आमच्या ओळखीचे मोटर रिवाइंडिंगवाले काका आहेत. गिटार त्यांनी कधी हातात धरलेली नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वेढे सैल आहेत. आम्ही वाइंडिंगला व्हार्निश पाजतो, तू मेण पाज." दुकानात मला मिळालं नव्हतं ते उत्तर दोन वाक्यांत मिळालं.

80 भाग पॅराफिन, 20 भाग मधमाशांचं मेण. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं, थर्मामीटर लावून 65 अंश. थेट गॅसवर मेण ठेवू नका, पेट घेतं; आणि तापमान फार चढलं तर बॉबिनचं, म्हणजे पिकअपमधली तार ज्यावर गुंडाळतात त्या रिळाचं, प्लास्टिक वाकतं. पिकअप 20 मिनिटं बुडवून ठेवला, बुडबुडे थांबेपर्यंत. धातूच्या झाकणाखालीही मेण भरलं, कारण झाकण सैल असलं तर तेही थरथरतं. खर्च 180 रुपये, आणि वॉरंटी गेली ती वेगळी. तिचा उपयोग काय होता ते मी पाहिलंच होतं.

शिट्टी गेली. ब्रिज पिकअपच्या आवाजातली थोडी मोकळीकही गेली, हे प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून नेक पिकअपला मेण दिलं नाही. गिब्सनच्या 1957 च्या पीएएफ नावाच्या हंबकर पिकअपनाही मेण नव्हतं आणि लोक आजही त्यांच्यासाठी वेडे आहेत, तेव्हा सरसकट बुडवायची घाई नको.

बाकी सवयी बदलल्या. ॲम्प आता फळ्यांवर नाही, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पाठीशी न ठेवता डाव्या बाजूला, आणि मी असा उभा राहतो की ॲम्प आणि गिटारच्या मध्ये माझं अंग येतं. कोपर वरच्या लाकडावर हलकं टेकवलं तरी घुमणं दबतं. इक्वलायझरवर 100 हर्ट्झ थोडं खाली ओढतो, जास्त नाही, नाहीतर सगळा मंद्र पातळ होतो. पूर्ण आवाजाला ए अजूनही धमकी देतो. मी सहाच्या वर जात नाही.

अशी गिटार घ्यायला जाल तेव्हा खिशात पेन ठेवा. दुकानात ॲम्प लावायला सांगा, तारा दाबून धरा, दोन्ही पिकअपवर टकटक करा. मग ॲम्पच्या समोर उभं राहून जाड तारेवर पहिल्यापासून आठव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर धरून ठेवा. ॲम्प लावायला नकार दिला तर उठून या. माझं तक्रारीचं पत्र त्या दुकानात ऑक्टोबरपासून पडून आहे.