जळगावचे बूट, इटलीची वाट
जळगावला घेतलेले ट्रेकिंगचे बूट थेट इटलीत वापरले, अमाल्फी किनाऱ्यावरच्या ‘सेंतिएरो देली देई’वर, म्हणजे देवांची वाट. बोमेरानो ते नोचेल्ले, 6-7 किमी असेल, एका अंगाला चुनखडीचा कडा नि दुसरीकडे खोल खाली निळाशार समुद्र, आणि कठडा सगळीकडे नाही बरं का! ग्रिप एक नंबर, सुट्या खडीवरही पाय सरकला नाही. पण नोचेल्लेहून पोझितानोकडे उतरताना दीड हजाराच्या आसपास पायऱ्या, तिथं दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. दुकानदार म्हणे भाऊ फिटिंग परफेक्ट आहे, अरे पण उतारावर पाय पुढं जातो ना, एक साईज मोठीच द्यायची! उन्हाचं काही वाटलं नाही, आपण जळगावचे. एका वळणावर दगडावर बसून दशम्या-चटणी खाल्ली, बूट काढूनच.