बर्फशिल्पाचं सामान: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

सामान असं: पाऊण इंची प्लायवूडच्या चार फळ्यांचा साचा, दोन रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे), फुटपाथवरचं बर्फ खरवडायची लांब दांड्याची पटाशी, फांद्या छाटायची करवत, छपराच्या कैच्यांना (लाकडी त्रिकोणी सांगाड्यांना) ठोकतात त्या दातेरी पत्र्याची घरी केलेली कानस आणि ड्रायवॉल (जिप्समच्या भिंती) घासायची जाळी. जागा कॅनडातल्या विनिपेगमधलं घरामागचं अंगण, वापर नोव्हेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत. निकाल आधीच सांगायचा तर पैसे आणि डोकं साच्यात घाला. हत्यारं साधी असली तरी भागतं. साच्यात बर्फ दाबून केलेला ठोकळा कच्चा असेल तर जगातली कुठलीही पटाशी त्याला वाचवत नाही.

मराठीत स्नो आणि आइस दोन्हींना बर्फच म्हणतात. इथे बर्फ म्हणजे आकाशातून पडणारं भुसभुशीत. काचेसारखं घट्ट ते आइस.

साचा म्हणजे स्लॅबच्या शटरिंगचा धाकटा भाऊ. चार बाय आठ फुटांचे दोन प्लाय अर्धे कापले की चार बाय चारच्या चार फळ्या मिळतात, वाया काही जात नाही. दोन फळ्या बाहेरून, दोन त्यांच्यामध्ये, म्हणून आतलं एक माप दीड इंच कमी भरतं. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते बाहेरून आडव्या पट्ट्या न मारल्याने. दोन-बाय-चार इंची लाकडाच्या दोन पट्ट्या प्रत्येक फळीला हव्यातच, नाहीतर धुमसताना प्लायला पोट येतं आणि ठोकळा पिंपासारखा निघतो. कोपरे स्क्रूने जोडू नयेत. स्क्रूच्या खाचेत आइस भरतं, उणे 15 ला ते उकरत बसावं लागतं. बोल्ट आणि विंग नट लावले तर हातमोजे न काढता फिरवता येतात. रॅचेट पट्टे जमिनीपासून साधारण दहा आणि बत्तीस इंचांवर आवळायचे. प्लायच्या आतल्या बाजूला आणि कापलेल्या कडांना पॉलियुरेथेन वार्निशचे दोन हात द्यावेत. ज्या एका कडेला ते नीट लागलं नव्हतं, ती जानेवारीतच फुगून पापुद्रे सुटायला लागली.

आता भरणं. साच्याचं घनफळ सुमारे पावणेदोन घनमीटर. नीट दाबलेलं बर्फ घनमीटरला साडेचारशे किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ठोकळा पाऊण टनाच्या वर जातो. ताजं पडलेलं बर्फ घनमीटरला शंभर किलोसुद्धा नसतं. म्हणून सहा बाय दहा मीटरच्या जागेवर पंधरा सेंटिमीटर बर्फ पडलं, तर ते जवळपास सगळं या एका साच्यात जातं. पहिल्यांदा भरणाऱ्याला हे खरं वाटत नाही, फावडं हातात घेतलं की वाटतं. आठ इंच टाकायचं, पायाने आणि धुमसाने चार इंचांवर आणायचं, असे बारा थर. दोन माणसांना अडीच-तीन तास लागतात. कोपऱ्यांत पाय पोहोचत नाही, तिथे लाकडाच्या ठोकळ्याने ठोकावं. कोरताना ढासळतात ते कोपरेच.

रस्त्याकडेचं बर्फ घेऊ नका. त्यात मीठ असतं, मीठ कणांची पकड सोडवतं आणि त्यातली काळी माती ऊन शोषते. मागच्या अंगणातलं, हिरवळीवरचं बर्फ घ्या आणि वाळकी पानं वेचून टाका. एक पान कोरताना बरोब्बर नाकाच्या शेंड्यावर येतं.

तापमान उणे 2 ते उणे 8 असेल तर दाबताना बर्फ आपोआप धरतं. उणे 20 ला ते वाळूसारखं कोरडं असतं, कितीही नाचा, धरत नाही. इथे बहुतेक जण पाइपने पाणी मारतात आणि तिथेच फसतात. पाणी खाली झिरपून एका पातळीवर आइसचा पापुद्रा होतो; कोरताना पटाशी त्यावरून घसरते आणि खालचा मऊ भाग खोल खणते. पाण्यापेक्षा स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवून बाजूला टाकणारं यंत्र, बरा. साच्यावर ब्लोअरने बर्फ उडवलं की चांदण्यांसारखे स्फटिक मोडून बारीक दाणे होतात, ते दाटीने बसतात आणि एकमेकांना चिकटून घट्ट होतात. ग्रीनलंडमध्ये अमेरिकी लष्कराने 1959-60 मध्ये कॅम्प सेंच्युरी हा तळ बर्फात खोदला, तेव्हा स्विस बनावटीची पीटर यंत्रं बर्फ दळून उडवत होती. पुढे असं बर्फ घट्ट होऊन बांधकामाला चालतं, हे तिथल्या अभियंत्यांना पक्कं ठाऊक होतं. अंगणात तत्त्व तेच, यंत्र लहान.

भरल्यावर थांबायचं. साचा निदान चोवीस तास तसाच ठेवावा, कडक थंडीत अठ्ठेचाळीस. दाण्यांमधले सांधे थंडी जितकी जास्त तितके हळू वाढतात, त्यामुळे जास्त थंडी म्हणजे लवकर घट्ट, हा समज उलटा आहे. काढताना फळी चिकटली तर बाहेरून लाकडी हातोड्याने ठोका, पहार घालून कड उचकटू नका.

हत्यारांपैकी सर्वांत जास्त हातात राहिली ती पटाशी. सात इंची पातं, साडेचार फुटी दांडा. दुकानातून येते तेव्हा ती बोथटच असते. एका बाजूने तीस अंशांची धार कानशीने काढली की लोण्यातून जावी तशी जाते. दोष एकच, पातं आणि दांड्याचा जोड. चुकून आइसवर जोरात मारलं की मान वाकते. आइस फोडायला वेगळं, जाड हत्यार ठेवा. लोखंडी दांड्याला हॉकीच्या काठीवरची कापडी टेप गुंडाळली की हात गारठत नाही.

करवत मोठ्या दातांची हवी. सुतारी करवतीच्या बारीक दातांत बर्फ अडकून ती नुसती घसरत राहते. मोठा भाग काढताना तासत बसू नये: एक उभा काप, एक आडवा काप, मग पटाशीची पाचर, की तुकडा सुटतो. फूटभर घनाचा तुकडा बारा किलोच्या वर भरतो, म्हणून पाय बाहेर ठेवा आणि कोरणं नेहमी वरून खाली न्या. खालून पोखरणाऱ्याच्या डोक्यावर काय येईल ते सांगायला नको.

या सगळ्यात दातेरी पत्र्याची कानस सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची. कैचीचे लाकडी जोड धरायला वापरतात तो जस्ताचा हात दिलेला पत्रा, एका बाजूला दाते. तो पाऊण इंची फळीवर दाते बाहेर ठेवून स्क्रूने बसवा आणि मागे जुन्या रंध्याची मूठ लावा. बर्फ किसल्यासारखं निघतं, दात्यांमधल्या फटींतून पडून जातं, पत्रा तुंबत नाही आणि गंजत नाही. तयार मिळणारा सरफॉर्म, म्हणजे भोकाभोकांच्या पात्याचा रंधाही चांगला आहे, पण लहान वळणांपुरता. उणे 5 च्या वर त्याची भोकं भरून जातात. शेवटचा हात ड्रायवॉलच्या जाळीने. सँडपेपर आणू नका, दहा मिनिटांत लगदा होतो.

आराखडा कागदावर पुरत नाही. शाडूचं सहा इंची मॉडेल करा, एकास आठ, म्हणजे मॉडेलवरचा अर्धा इंच ठोकळ्यावर चार इंच होतो. दोन्हींवर चौकटी आखल्या की माप चुकत नाही. दिवाळीचा किल्ला ज्यांच्या हातात बसलेला असतो त्यांना सुरुवातीला अडचण येते, कारण तिथे माती चढवत जायचं असतं, इथे नुसतं काढत जायचं. जास्त निघालं की भर घालता येते, पण ती दिसते.

पांढऱ्यावर पांढरं दिवसा दिसतच नाही. ढगाळ दुपारी केलेला गाल संध्याकाळी बटाट्यासारखा निघतो. बॅटरीवरचा एक एलईडी दिवा गुडघ्याच्या उंचीवर, बाजूने तिरका लावा. उंचवटे लगेच सावली टाकतात. दोन इंचांपेक्षा उथळ कोरलेलं काहीही दहा पावलांवरून वाचता येत नाही, अक्षरं तर नाहीच.

माघी गणेश जयंती जानेवारी-फेब्रुवारीत येते, त्यामुळे परदेशातल्या मराठी घरांत पहिला विचार गणपतीचाच होतो. विषय सोपा नाही. सुटी सोंड हमखास पडते. ती पोटाला चिकटलेलीच ठेवा आणि कडेने खोल खाच देऊन सुटी भासवा. कान सुरुवातीला सहा इंच जाड, मुळाशी त्याहून जाड. तीन इंचांवर शेवटच्या संध्याकाळीच आणा. पुढे आलेला हात गुडघ्यावर टेकवा. बर्फ गोठलेलं असलं तरी स्वतःच्या वजनाने हळूहळू वाहतं, अधांतरी हात चार दिवसांत खाली झुकलेला दिसतो.

तुटलं तर: बर्फात पाणी घालून थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट कालवायचं, दोन्ही तोंडांना लावून दोन मिनिटं दाबून धरायचं. उणे 5 च्या खाली हे उत्तम धरतं, वर भरवसा नाही. सांधा राखाडी दिसतो, म्हणून ओला असतानाच त्यावर कोरडं बर्फ चोळा. हाताला आतून अस्तर असलेले रबरी मोजे आणि बदलायला दुसरा जोड हवा. लोकरी मोजे तासाभरात भिजतात.

हौस पुढे न्यायची असेल तर विनिपेगमधला सेंट बोनिफेसचा फेस्टिव्हाल द्यू व्होयाजर हा हिवाळी उत्सव पाहावा. 1970 पासून दर फेब्रुवारीत होतो, बर्फावर ओतलेला मेपलचा पाक काडीला गुंडाळून खात शिल्पांच्या मागच्या बाजू बघत फिरावं. सांधे, आधार, जाडी सगळं मागून कळतं. जपानमधल्या सप्पोरोचा बर्फाचा उत्सव 1950 मध्ये शाळकरी मुलांनी केलेल्या सहा पुतळ्यांपासून सुरू झाला. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजच्या बर्फशिल्प स्पर्धेत यांत्रिक हत्यारं, रंग आणि आतला आधार चालत नाही, म्हणून घरीही चेनसॉची सवय लावून घेऊ नका.

फेब्रुवारीअखेर ऊन चढतं आणि दक्षिणेकडची बाजू आधी जाते, म्हणून चेहरा उत्तरेला करा. शेवटच्या ठोकळ्यानंतर फळ्या गॅरेजमध्ये उभ्या, मधे चिपा ठेवून वाळवा. पटाशीच्या पात्याला तेलाचा हात द्या. फुगलेली कड तासून पुन्हा पॉलियुरेथेन लावायचं काम मात्र उन्हाळ्यातच उरका. नोव्हेंबरच्या थंडीत ते वाळत नाही.