डार्कटेबल पावसाळाभर वापरून: सगळी गोम टोन इक्वलायझरच्या तिसऱ्या टॅबमध्ये

फुकटात रॉ फोटो (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) उरकायला डार्कटेबल या सॉफ्टवेअरइतकं ताकदवान दुसरं काही हाताला लागलेलं नाही, आणि इतकं वैताग आणणारंही नाही. एक रुपया न घेणाऱ्या वस्तूला फार नावं ठेवू नयेत, हे मान्य. पण टोन इक्वलायझरबद्दल गप्प बसवत नाही. निसर्गाच्या फोटोत निम्मं काम हे एकटं मॉड्यूल (एकेका कामाचं अवजार) करतं, आणि ते नीट चालू कसं करायचं हेच आत दडवून ठेवलंय.

बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकचा धबधबा घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये घटप्रभा भरून ५२ मीटर खाली कोसळते तेव्हा एकाच फ्रेममध्ये भुरकं आकाश, पांढरा फेस आणि भिजून काळाकुट्ट झालेला कातळ येतो. एक्स्पोजर (एकूण उजेड) वाढवलं की फेस पांढराफटक होऊन उडतो, उतरवलं की कातळाचं डांबर होतं. टोन इक्वलायझर नेमका यासाठीच आहे: उणे ८ ईव्हीपासून ० ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, एक ईव्ही वर म्हणजे उजेड दुप्पट) उजेडाचे नऊ कप्पे, प्रत्येक कप्पा वेगळा वरखाली करायचा. मॉड्यूल उघडं ठेवून कर्सर कातळावर न्यायचा आणि माऊसचं चाक फिरवायचं, तेवढाच भाग उजळतो. कल्पना झकास.

प्रत्यक्षात काय होतं? चाक फिरवलं की कातळ, फेस, आकाश सगळं एकदम हलतं. अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये हिस्टोग्राम (कुठल्या कप्प्यात किती उजेड आहे त्याचा आलेख) बघा, कारण लगेच कळेल. ढगाळ दिवसाच्या फोटोचा सगळा उजेड दोन-तीन कप्प्यांत दाटीवाटीनं बसलेला असतो, बाकीचे कप्पे रिकामे. रिकाम्या कप्प्याचा स्लायडर कितीही ओढा, फोटो ढिम्म.

इलाज मास्किंग नावाच्या तिसऱ्या टॅबमध्ये, अगदी तळाला आहे. फोटोचा कुठला भाग कुठल्या कप्प्यात हे ठरवणारा आतला नकाशा म्हणजे मास्क. मास्क एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन आणि मास्क कॉन्ट्रास्ट कॉम्पेन्सेशन असे दोन स्लायडर, दोन्हींच्या शेजारी जादूच्या कांडीचं चिन्ह. आधी एक्स्पोजरची कांडी दाबायची, मग कॉन्ट्रास्टची. एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो म्हणून पुन्हा एकदा दोन्ही. हिस्टोग्राम पसरून नऊ कप्प्यांत बसला की मगच पहिल्या टॅबमध्ये परत या. आता उणे ६ आणि उणे ५ चे स्लायडर पाऊण ईव्ही वर, उणे १ आणि ० चे अर्धा ईव्ही खाली, एवढ्यावर गोकाकचा फोटो जागेवर येतो. चार क्लिकची गोष्ट. ती मॉड्यूल उघडताक्षणी आपोआप का होत नाही, याचं समाधानकारक उत्तर नाही. प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) करून ठेवावं म्हटलं तर तेही अर्धवटच, कारण कांडीनं काढलेले आकडे त्या एका फोटोचे असतात. दुसऱ्या फोटोला परत तिसरा टॅब, परत तळ, परत कांडी.

डोंगराच्या कडेला पांढरी किनार दिसू लागली तर त्याच टॅबमधलं एजेस रिफाइनमेंट वाढवा, मास्क कडेला जास्त चिकटून बसतो. आणि एक्स्पोजर मॉड्यूल आधी ठरवून टाका. ते टोन इक्वलायझरच्या अगोदर चालतं. नंतर हलवलंत तर मास्क सरकतो आणि कांडीचं काम पुन्हा.

बाकीचा क्रम फार मोठा नाही. एक्स्पोजर लावताना आकाशाकडे बघायचंच नाही, मधला उजेड म्हणजे भाताचं शिवार किंवा चिऱ्याची भिंत नीट दिसली पाहिजे. जास्त झालेला उजेड इथे लगेच कापला जात नाही, पुढे सिग्मॉइड नावाचं मॉड्यूल तो आवरतं. सिग्मॉइडचा कॉन्ट्रास्ट मुळात १.५ असतो, ढगाळ फोटोला १.७ पर्यंत चालतो. फेस कॅमेऱ्यातच तिन्ही रंगांत उडाला असेल तर हायलाइट रिकन्स्ट्रक्शन जागा भरून देतं, तपशील परत आणत नाही. म्हणून फोटो काढतानाच उजेड पाऊण स्टॉप (म्हणजे पाऊण ईव्ही) कमी ठेवावा.

रंगाचं मात्र सावधपणे. पावसाळ्यात घटप्रभेचं पाणी गढूळ, तांबूस असतं आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स तो तांबूसपणा दोष समजून पुसून टाकतो. कलर कॅलिब्रेशनमध्ये इल्युमिनंट (उजेडाचा प्रकार) डेलाइट करून तापमान ६००० ते ६५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवलं की पाणी पुन्हा मातीचं दिसतं. हे करताना व्हाइट बॅलन्स मॉड्यूलला हात लावायचा नाही. ते मुळात असतं तसंच हवं, नाहीतर दोन्हीकडे लाल इशारा येतो, कारण दुरुस्ती दोनदा होते. हिरवा रंग उठावदार करायला कलर बॅलन्स आरजीबीचं स्टँडर्ड कलरफुलनेस प्रीसेट पुरे. व्हायब्रंट लावलं की खानापूरकडचं भात प्लास्टिकचं दिसतं.

धूसरपणा काढणाऱ्या हेझ रिमूव्हलला जो तो आधी हात घालतो. पाऊस उघडल्यावर येळ्ळूरच्या राजहंसगडावरून दिसणाऱ्या लांबच्या रांगांना ते ०.२ च्या मूळ ताकदीवर छान लागू पडतं. चोर्ला घाटातल्या धुक्यात लावू नका. तिथे मागे काही टिपलेलंच नसतं, नुसता नॉइज (दाणेदारपणा) वर येतो आणि धुकं निळसर पडतं. डिफ्यूज ऑर शार्पनमधलं डीहेझ प्रीसेट जास्त चांगलं, पण ग्राफिक कार्ड नसेल तर दर बदलाला थांबून राहावं लागतं. त्यापेक्षा लोकल कॉन्ट्रास्ट चालू करून पुढे जावं.

सुरुवातीच्या आठवड्यांत मत असं होतं, की झटपट कामाला रॉथेरपी हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर बरं. त्यातला ऑटो-मॅच्ड टोन कर्व्ह रॉ फाइलच्या पोटातला जेपेग (कॅमेऱ्यानं बनवलेला तयार फोटो) बघून साधारण तसाच उजेड-कॉन्ट्रास्ट एका क्लिकमध्ये लावतो. शेजाऱ्यांच्या बारशाचे ढीगभर फोटो असतील तर आजही तेच उघडावं. पण निसर्गाच्या फोटोला कॅमेऱ्याचा जेपेग आवडला असता तर रॉ काढलाच कशाला असता? कांडीचा क्रम हाताला बसल्यावर डार्कटेबलमध्ये पाचेक मिनिटांत फोटो होतो, आणि तो जास्त चांगला होतो. त्यामुळे आता मत डार्कटेबलकडे झुकलंय, तिसऱ्या टॅबला शिव्या घालत का होईना.

पैशाचं म्हणाल तर दरमहा भाडं मोजायला लावणारं सॉफ्टवेअर एकदा बंद केलं की जुने फोटो पुन्हा एडिट करायची सोय जाते. इथे केलेलं काम रॉ फाइलशेजारीच एक्सएमपी फाइलमध्ये लिहिलं जातं, मूळ फोटोला धक्का लागत नाही. मूळ सेटिंग असेल तर काम करता करताच लिहिलं जातं, त्यामुळे मध्येच करंट गेला तरी फारसं जात नाही. फक्त बाहेरून रॉ फाइलचं नाव बदलू नका, जोडी तुटते. बॅकअप घेताना दोन्ही फाइल एकत्र घ्या.

८ जीबी रॅमवर चालतं. ओपनसीएल (ग्राफिक कार्डाकडून काम करून घ्यायची सोय) चालू होत नसेल तर आधी ग्राफिकचा ड्रायव्हर बघा. दुकानदार लगेच 'नवीन मशीन घ्या' म्हणतो, तिकडे दुर्लक्ष करा.

नवीन आवृत्ती टाकण्याआधी सेटिंगचं फोल्डर कॉपी करून ठेवा, लिनक्सवर ते होममधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये असतं. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की लायब्ररीचा डेटाबेस बदलते आणि मग जुनी आवृत्ती तो उघडत नाही. परत मागे जायची वेळ आली तर ते कॉपी केलेलं फोल्डरच जागेवर ठेवावं लागतं.